दुसऱ्या गटातली माणसं

डॉन नावाच्या चाचणीत २०६ माणसं होती. त्यांतल्या १०७ जणांच्या मेंदूत अडकलेली गुठळी जांघेतून वर नेलेल्या बारीक नळीने ओढून काढली. उरलेल्या ९९ जणांना तेव्हाचे नेहमीचे उपचार मिळाले, गुठळीला कुणी हात लावला नाही. तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ४९ टक्के लोक आपलं आपण करू शकत होते. दुसऱ्या गटातले १३ टक्के.

स्ट्रोकच्या, म्हणजे पक्षाघाताच्या, संशोधनात एवढी मोठी तफावत क्वचितच दिसते. ठरल्याप्रमाणे मधल्या टप्प्यावर आकडे तपासले, तेव्हाच निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी तिथेच थांबवली. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल जाहीर झाला आणि २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. तोवर गुठळी काढायची ती सहा तासांच्या आत, असा दंडक होता. निवडक रुग्णांसाठी तो २४ तासांपर्यंत वाढला. आज कुणी सकाळी उठला आणि अंथरुणातच लक्षात आलं की उजवा हात उचलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही, तर "झोपेत कधी झालं कोण जाणे, आता उशीर झाला" म्हणून विषय संपत नाही. निदान जिथे सोय आहे तिथे तरी नाही. स्कॅन होतो, मेंदूचा किती भाग गेलाय आणि किती वाचण्यासारखा आहे ते पाहिलं जातं, आणि मग ठरतं.

त्या १०७ जणांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्या ९९ जणांबद्दल लिहायचंय.

ती कोण माणसं होती? त्यांना शेवटचं धडधाकट पाहिल्याला सहा ते चोवीस तास उलटून गेले होते. चाचणीतल्या अर्ध्याहून अधिक लोकांना झोपेतच स्ट्रोक झाला होता. लक्षणं मोठी होती, पण स्कॅनवर मेलेला भाग लहान दिसत होता. मेंदूची एखादी मोठी शीर बंद झाली की मधला गाभा लवकर मरतो. भोवतालचा बराच भाग मात्र काम थांबवून, जेमतेम रक्तावर तग धरून असतो. त्या भागाला किती वेळ मिळतो, हे माणसागणिक बदलतं. कॅलिफोर्नियातले न्यूरॉलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता: मोठी शीर बंद असेल तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. हा आकडा आता सगळीकडे सांगितला जातो आणि तो सांगायलाच हवा, कारण त्यानेच रुग्णवाहिका आणि दवाखाने घाई करायला शिकले. पण ती सरासरी आहे. काहींच्या मेंदूत शेजारच्या शिरांचं जाळं चांगलं असतं, आडवाटेने थोडंफार रक्त येत राहतं आणि तो अडचणीतला भाग तासन्‌तास जगतो. डॉनने नेमकी अशीच माणसं निवडली होती.

म्हणजे त्या ९९ जणांचाही मेंदू वाचण्याजोगा होता. त्यांच्यात आणि त्या १०७ जणांत वैद्यकीय फरक काही नव्हता. कॉम्प्युटरने एकाचं नाव या रकान्यात टाकलं, दुसऱ्याचं त्या.

हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मला राग आला होता. नळी तयार, डॉक्टर तयार, टेबल तयार, आणि माणसाला मागे फिरवायचं? नाणेफेकीवर? हा राग निवळला तो त्याआधीची वीस वर्षं वाचल्यावर. त्या वीस वर्षांत अगदी पटण्यासारख्या कल्पना किती वेळा तोंडावर आपटल्या आहेत!

गुठळी विरघळवायचं औषध घ्या. कल्पना सरळ आहे: गुठळीने शीर बंद झाली, तर गुठळी विरघळवा. नव्वदच्या दशकात स्ट्रेप्टोकायनेज हे औषध हृदयविकारात जीव वाचवत होतं. तेच स्ट्रोकमध्ये वापरून पाहणाऱ्या चाचण्या युरोपात आणि ऑस्ट्रेलियात एकामागून एक थांबवाव्या लागल्या, कारण मेंदूत रक्तस्राव होऊन माणसं दगावत होती. त्याच सुमारास अमेरिकेत ६२४ रुग्णांवर दुसऱ्या औषधाची, अल्टेप्लेजची, चाचणी झाली. वेळेची मर्यादा कडक होती, तीन तास, आणि निम्म्या रुग्णांना तर दीड तासाच्या आत औषध द्यायचं होतं. १९९५ च्या डिसेंबरमध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे झालेले लोक औषधाच्या गटात ३९ टक्के, नकली औषधाच्या गटात २६ टक्के. रक्तस्रावाचा धोका इथेही होताच: ६.४ टक्के विरुद्ध ०.६ टक्के. तो धोका धरूनही पारडं औषधाकडे झुकलं. दोन्ही औषधं गुठळी विरघळवणारीच. कुठलं औषध, किती, कोणाला आणि किती वाजता, यावर सगळं अवलंबून होतं, आणि ते बसल्या जागी तर्काने कुणाला सांगता आलं नसतं.

मग गुठळी ओढून काढायची कल्पना. तीही पटण्यासारखीच. मळसूत्री तारेचं मेर्सी नावाचं उपकरण अमेरिकेत २००४ मध्येच मंजूर झालं होतं. पडद्यावर बंद शीर दिसते, तार आत जाते, गुठळी बाहेर येते, शीर पुन्हा रक्ताने भरते. हे डोळ्यांनी पाहिलेल्या डॉक्टरला पुरावा मागायचा कसा? पुष्कळांना चाचणीची गरजच वाटत नव्हती. २०१३ च्या फेब्रुवारीत होनोलुलूच्या परिषदेत तीन चाचण्यांचे निकाल एकत्र आले, आणि तिन्ही म्हणत होते की नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा दिसत नाही. त्यातल्या सगळ्यात मोठ्या चाचणीत ६५६ रुग्ण होते. बरे होणारे एका गटात ४०.८ टक्के, दुसऱ्यात ३८.७. त्या सभागृहात बसलेल्या माणसांना काय वाटलं असेल याची मी अनेकदा कल्पना करते. शीर उघडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि तीन महिन्यांनंतरचा रुग्ण त्याला साक्ष देत नव्हता.

यानंतर जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं वाटतं. नेदरलँड्समध्ये तेव्हा एक चाचणी चालू होती, मिस्टर क्लीन. तिथल्या सरकारने ठरवलं होतं की या उपचाराचे पैसे विम्यातून मिळतील, पण रुग्ण चाचणीत असेल तरच. म्हणजे एखाद्या डॉक्टरचा उपचारावर कितीही विश्वास असो, त्याला रुग्णाला नाणेफेकीतूनच न्यावं लागे. कानाला हे कठोर वाटतं. पण त्यामुळे १६ रुग्णालयांमधून ५०० माणसं गोळा झाली, त्यांतली २६७ दुसऱ्या गटात. उपकरणंही बदलली होती. मळसूत्री तारेऐवजी गुठळीत उघडून तिला जाळीत धरणारे स्टेंट आले होते, आणि शीर खरोखर बंद आहे का हे आधी स्कॅन करून पाहिलं जात होतं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये इस्तंबूलच्या परिषदेत निकाल वाचला गेला: स्वतंत्रपणे जगू शकणारे ३२.६ टक्के विरुद्ध १९.१ टक्के. जगभर चालू असलेल्या बाकीच्या चाचण्यांनी आपापले आकडे उघडून पाहिले आणि काही महिन्यांत त्याही एकेक करून थांबल्या. बहुतेकींत फायदा स्पष्ट होता. २०१६ मध्ये पाच चाचण्यांमधल्या १२८७ रुग्णांचे एकत्र केलेले आकडे आले. १०० जणांवर हा उपचार केला तर साधारण ३८ जणांचं अपंगत्व निदान एका पायरीने तरी कमी होतं, असं निघालं. वैद्यकात असे उपचार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

त्या २६७ डच माणसांशिवाय हे वाक्य लिहिता आलं नसतं. २०१३ च्या निकालांनंतर ही कल्पना गाडली गेली असती, किंवा विश्वासाच्या जोरावर कुठे चालू, कुठे बंद, अशी रखडत राहिली असती.

माझे बाबा एका चाचणीत होते. गुठळी काढण्याच्या नाही. स्ट्रोकनंतर हातापायाची ताकद लवकर परत यावी म्हणून द्यायच्या एका गोळीच्या. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी नकली. कोणाला कुठली, ते ना डॉक्टरला माहीत, ना नर्सला, ना आम्हाला.

बाबांची डावी बाजू गेली होती, बोलणं शाबूत होतं. त्यामुळे सही त्यांनीच केली. सही करताना कागद सरकत होता, कारण तो धरायला डावा हात नव्हता. आईने दोन बोटांनी दाबून धरला. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या की चाचणीत आलात तरी नेहमीचे उपचार तसेच मिळतील, नाही आलात तरी तसेच, आणि मधूनच नको वाटलं तर तेव्हाही नाही म्हणता येईल. बाबांनी विचारलं, "मला नकली मिळाली तर माझा काय उपयोग?" त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही नसाल तर खरी गोळी कशाशी ताडून बघायची?" बाबांना हे उत्तर पटलं. मला तेव्हा पटलं नव्हतं.

ते निदान स्वतः सही करू शकले. स्ट्रोकमध्ये बहुतेकदा सही करायला कोणी दुसरंच असतं. मुलगा, सून, भाऊ. ज्याच्या डोळ्यांसमोर हे नुकतंच घडलंय, जो धावत आलाय, ज्याला घड्याळ दाखवून सांगितलं जातंय की मिनिटं महत्त्वाची आहेत, त्याच्यापुढे आठ-दहा पानांचा कागद येतो. त्या मिनिटांत दिलेली संमती कितपत खरी, हा प्रश्न संशोधकांनाही छळतो. म्हणून काही देशांत, नियमांच्या चौकटीत, आधी उपचार आणि मग संमती अशी पद्धत आहे. कॅनडातल्या अ‍ॅक्ट या चाचणीत पुष्कळ ठिकाणी तसंच केलं गेलं. टेनेक्टेप्लेज हे नवं औषध एका झटक्यात शिरेतून देता येतं, जुन्या अल्टेप्लेजचं ठिबक मात्र तासभर चालतं. नवं औषध जुन्याइतकंच चांगलं आहे का, एवढंच पाहायचं होतं. दोन्हींचा अनुभव डॉक्टरांना होता, दोन्ही वापरात होती, अशा वेळी कागदासाठी मिनिटं घालवण्यात अर्थ नव्हता. २०२२ मध्ये निकाल आला: जवळपास पूर्ण बरे झालेले लोक नव्या औषधाच्या गटात ३६.९ टक्के, जुन्याच्या गटात ३४.८ टक्के, म्हणजे नवं औषध मागे नाही. ज्या रुग्णाला इंजेक्शन देऊन लगेच दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात हलवायचंय, त्याच्या दृष्टीने तासाचं ठिबक आणि एका झटक्याची सुई यांत किती अंतर आहे, ते रुग्णवाहिकेत बसलेल्यालाच कळेल. अमेरिकेत या औषधाला स्ट्रोकसाठी २०२५ च्या मार्चमध्ये मान्यता मिळाली.

वॉर्डात रोज कोणीतरी येऊन बाबांना तपासायचं. "हात समोर धरा, पालथे. दहा सेकंद." उजवा हात स्थिर. डावा तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला खाली यायला लागे, आणि बाबा त्याच्याकडे बघतही नसत. पाय पाच सेकंद. महिना कोणता, वय किती. चित्रातल्या वस्तूंची नावं सांगा. याचे गुण मांडतात, ० ते ४२, जितके जास्त तितका स्ट्रोक मोठा. या ४२ पैकी ७ गुण थेट भाषेशी संबंधित आहेत, आणि डाव्या बाजूचं भानच हरपणं यासाठी मोजून २. बाबांचं नेमकं तेच गेलं होतं. ते वर्तमानपत्राचे डावीकडचे रकाने वाचतच नसत, दाढी अर्ध्याच चेहऱ्याची करत, आणि काही राहिलंय असं त्यांना वाटतही नसे. मेंदूच्या उजव्या भागातला स्ट्रोक या मोजपट्टीवर आहे त्यापेक्षा लहान दिसतो, हे संशोधकांनीच दाखवून दिलंय. तरी मोजपट्टी तीच चालू आहे, कारण जगभर सगळ्यांनी एकाच पट्टीने मोजलं तरच आकडे जुळवता येतात. मला हे समजतं, आणि तरी खटकतं.

तीन महिन्यांनी फोन आला. फोन करणारी मुलगी आमच्या ओळखीची नव्हती, मुद्दामच. बाबा कोणत्या गटात आहेत ते जिला माहीत नाही, तिनेच विचारायचं असतं. फोन स्पीकरवर होता.

"काका, दुसऱ्या कोणाच्या मदतीशिवाय तुम्ही एकटे राहू शकाल का? म्हणजे अंघोळ, संडास, खाण्यापिण्याचं, पैशाचे व्यवहार, सगळं धरून."

"जमेल," बाबा प्रश्न संपायच्या आत म्हणाले. आईने मानेनेच नाही म्हटलं. मुलीला अर्थातच ते दिसत नव्हतं, पण तिला सवय असावी. तिने प्रत्येक गोष्ट सुटी करून विचारली. शर्टाची बटणं कोण लावतं? अंघोळीच्या वेळी कोणी जवळ लागतं का? बँकेचं काम कोण करतं? बाबांचं "जमेल" हळूहळू "जमतं तसं" झालं, आणि बटणांपाशी आल्यावर "ही लावते" झालं.

जगातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या स्ट्रोक-चाचणीचा निकाल अशाच संभाषणातून तयार होतो. मोजपट्टीचं नाव मॉडिफाइड रँकिन स्केल. मूळ कल्पना ग्लासगोच्या जॉन रँकिन यांची, १९५७ ची. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. एक म्हणजे थोडी लक्षणं, पण सगळी कामं होतात. दोन म्हणजे पूर्वीचं सगळं जमत नाही, तरी स्वतःचं स्वतः पाहता येतं. तीन म्हणजे चालता येतं, पण मदत लागते. चार म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही. पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला. सहा म्हणजे मृत्यू. वर जिथे जिथे मी "स्वतंत्रपणे जगू शकणारे" म्हटलं, तिथे ही दोनाची रेघ होती. बाबांची बटणं त्या रेघेवरच होती. त्यांचा तीन लिहिला गेला. एका घरात दोन आणि तीन यांच्यामध्ये आईची उभी सकाळ असते.

त्या गोळीचा उपयोग झाला नाही. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. बाबा कुठल्या गटात होते ते आम्हाला कधीच कळलं नाही, आणि चाचणीचा निकालही कुणी कळवला नाही. मला तो पुढे कधीतरी नेटवर सापडला. मी बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "म्हणजे आता कुणाला उगाच देणार नाहीत."

बाबांच्या या वाक्यात किती तथ्य आहे ते पुढे वाचत गेले तसं उमगलं. स्ट्रोकच्या संशोधनात नकारांची रास मोठी आहे, आणि त्या राशीत दुसऱ्या गटात पडलेली माणसं कमनशिबी होती असं म्हणताच येत नाही. मेंदूच्या पेशींना कवच देणाऱ्या औषधांचं पाहा. प्रयोगशाळेत हजाराहून अधिक उपाय तपासले गेलेत. त्यातल्या एका औषधाचा निकाल २००६ मध्ये चांगला आला, सगळ्यांच्या आशा पालवल्या, आणि पुढच्याच वर्षी ३३०० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तो फायदा नाहीसा झाला. फ्लुओक्सेटीन या नैराश्यावरच्या गोळीने हाताची ताकद सुधारते, असं २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांवर दिसलं होतं. ब्रिटनमध्ये ३१२७ जणांवर पाहिलं तेव्हा नैराश्य थोडं कमी झालं, पण चालण्या-फिरण्यात फरक पडला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. ती चाचणी झाली नसती तर आज जगभर स्ट्रोक झालेल्या प्रत्येक वयस्कर माणसाच्या चिठ्ठीवर ती गोळी असती.

मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती अव्हर्ट नावाची चाचणी. स्ट्रोकनंतर माणसाला लवकर उठवा, बसवा, चालवा, हे कोण नाकारेल? फिजिओ तेच सांगतात, घरच्यांनाही तीच घाई असते. माणूस उभा राहिलेला बघितला की जीव भांड्यात पडतो. पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांमध्ये २१०४ रुग्ण घेतले. एका गटाला २४ तासांच्या आत उठवायला सुरुवात, नेहमीपेक्षा जास्त वेळा आणि जास्त वेळ. दुसऱ्या गटाला नेहमीच्या पद्धतीने. २०१५ मध्ये निकाल आला. चांगली सुधारणा झालेले लोक लवकर आणि जास्त उठवलेल्या गटात ४६ टक्के, दुसऱ्या गटात ५० टक्के. हजारभर माणसांशी फिजिओंनी जीव तोडून मेहनत घेतली, आणि ती मेहनत त्या दिवसांत किंचित नडली. अर्थ असा नाही की अंथरुणात पडून राहावं. दुसऱ्या गटातले बहुतेकही एक-दोन दिवसांत उठलेच होते. पुढच्या विश्लेषणातून दिसलं की थोडा थोडा वेळ, पण अनेकदा उठवलेलं बरं, एका दमात लांबलचक नको. प्रेम आणि घाई यांना उत्तर द्यायला आकडेच लागतात, कारण माणसाच्या सांगण्याने ती थांबत नाहीत.

आणि २०२४ ची इंटरअ‍ॅक्ट-४. ही तर मी कितीही वेळा वाचू शकते. चीनमध्ये रुग्णवाहिकेतच, म्हणजे स्कॅन व्हायच्या आधी, वाढलेला रक्तदाब कमी करायचं औषध दिलं तर काय होतं? २४०४ रुग्ण. एकूण निकाल: काहीच फरक नाही. तिथे थांबलं तर वाटेल की औषध निरुपयोगी. पण रुग्णालयात पोचल्यावर स्कॅनमध्ये जवळजवळ निम्म्यांच्या मेंदूत रक्तस्राव निघाला, बाकीच्या बहुतेकांत गुठळी. रक्तस्राव झालेल्यांना औषधाचा स्पष्ट फायदा झाला होता. गुठळीवाल्यांचं नुकसान झालं होतं. दोन्ही एकमेकांना छेदून बेरीज शून्य! बाहेरून दोघंही सारखेच दिसतात: तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, दाब वाढलेला. रुग्णवाहिकेतला अत्यंत कुशल माणूसही खात्रीने सांगू शकत नाही. आता यातून पुढचा प्रश्न उभा राहिला आहे की फरक रस्त्यातच कसा ओळखायचा. काही शहरांत सीटी स्कॅनर बसवलेल्या रुग्णवाहिका आहेत. जर्मनीत सुरुवात झाली, बर्लिन आणि ह्यूस्टनच्या अनुभवातून त्यांचा फायदाही दिसला. पण ती महागडी गाडी किती ठिकाणी पोचणार? रक्ताच्या थेंबावरून फरक ओळखणाऱ्या चाचण्यांवर काम चालू आहे.

अगदी अलीकडचं सांगायचं तर २०२५. मोठ्या शिरांमधल्या गुठळ्या काढण्याला दहा वर्षं यश मिळाल्यावर साहजिकच डॉक्टर पुढच्या, बारीक फांद्यांकडे वळले. दोन चाचण्या, एकीत ५३० रुग्ण, दुसरीत ५४३. दोन्हीत फायदा नाही. २०१३ चा अनुभव असलेले लोक म्हणतील, थांबा, उपकरणं सुधारू द्या, रुग्ण नीट निवडू द्या. कदाचित तसं होईलही. तोवर मात्र बारीक शिरेत नळी घालायची का, हे विचारणाऱ्या नातेवाइकाला डॉक्टर आज खरं उत्तर देऊ शकतो.

काही माणसं कुठल्याच गटात नसतात. स्ट्रोकने ज्यांची वाचा गेली, त्यांना स्मरणशक्तीच्या, नैराश्याच्या, पुनर्वसनाच्या अनेक चाचण्यांमधून वगळलं जातं, कारण प्रश्नावली भरता येत नाही. ज्यांना आधीच कोणाच्या तरी आधाराने जगावं लागत होतं, असे वृद्ध गुठळी काढण्याच्या बहुतेक चाचण्यांत नव्हते. त्यांच्यासाठी डॉक्टर दुसऱ्यांवरून अंदाज बांधतात. चाचणीत नाणेफेकीने दुसऱ्या गटात पडलेल्या माणसाबद्दल मला कृतज्ञता वाटते. ज्याला नाणेफेकीपर्यंतही येऊ दिलं नाही, त्याच्याबद्दल मला चीड येते.

घरच्यांवरही एक चाचणी झाली आहे, भारतातल्या १४ रुग्णालयांमध्ये, १२५० रुग्णांवर; अटेंड तिचं नाव. प्रशिक्षित फिजिओ सगळ्यांना मिळत नाही, मग घरातल्याच माणसाला शिकवून त्याच्याकडून व्यायाम करून घेतले तर? २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व, दोन्ही गटांत ४७ टक्के. हा निकाल वाचताना मी आईकडे बघितलं. ती बाबांची बोटं एकेक करून उघडत होती, रोजच्यासारखी. तिच्या त्या कामाला अर्थ नाही, असं चाचणी म्हणत नाही. दुसऱ्या गटातल्या लोकांचंही घरच्यांनीच केलं होतं. चाचणी एवढंच म्हणते की थोडं प्रशिक्षण देऊन हे ओझं घरावर टाकलं म्हणजे यंत्रणेचं काम झालं, असं होत नाही. मला हा निकाल धोरण आखणाऱ्यांच्या टेबलावर हवा आहे.

शेवटी एका लहान चाचणीबद्दल. स्ट्रोकला निदान नऊ महिने झालेल्या, हात अजून नीट न चालणाऱ्या १०८ जणांच्या छातीत त्वचेखाली एक छोटं यंत्र बसवलं आणि त्याची तार मानेतल्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला जोडली. हाताचा व्यायाम करताना प्रत्येक हालचालीबरोबर थेरपिस्ट बटण दाबतो आणि त्या मज्जातंतूला बारीकसा विजेचा झटका मिळतो. त्या क्षणी मेंदू नवं वळण पक्कं करायला अधिक तयार असतो, अशी ही कल्पना. २०२१ मध्ये निकाल आला. हाताच्या हालचालीचे गुण खऱ्या झटक्यांच्या गटात सरासरी ५ ने वाढले, दुसऱ्या गटात २.४ ने. दुसऱ्या गटातल्या लोकांच्याही छातीत यंत्र बसवलेलं होतं. त्यांच्यावरही शस्त्रक्रिया झाली होती, मानेवर तीच खूण होती, तेही तितकेच दिवस येऊन तोच व्यायाम करत होते. फक्त त्यांना प्रत्यक्ष उपचाराचा झटका मिळत नव्हता. चाचणीचा तो टप्पा संपल्यावर त्यांनाही खरे झटके देण्यात आले.

हे मला योग्य वाटतं, आणि जिथे शक्य आहे तिथे हाच नियम असावा. जिथे शक्य नाही, डॉनसारखं, जिथे वेळ निघून गेली ती गेलीच, तिथे निदान एक गोष्ट प्रत्येक चाचणीने करायलाच हवी: निकाल लागला की सहभागी माणसाला, तो नसेल तर त्याच्या घरच्यांना, त्यांच्या भाषेत एक पानाचं पत्र. तुम्ही कोणत्या गटात होता. काय निघालं. त्यामुळे आता डॉक्टर काय वेगळं करतील. काही चाचण्या हे करतात, बऱ्याच करत नाहीत. उपयोग झाला नाही, असा निकाल असेल तर ते पत्र आणखी लवकर जायला हवं.